अकरा दिवसांची पट्टी

पट्टी अकरा दिवस सोडू नये, हे वाक्य माझंच आहे. छापील आहे. पान चौसष्ट, शेवटून दुसरी ओळ. म्हणून सहाव्या दिवशी सकाळी मी गोपिकाला म्हणालो, की पट्टी सोड, मला पाय बघू दे, तेव्हा तिने चष्मा लावला, उशाखालून पुस्तक काढलं आणि माझ्याच वाक्यावर बोट ठेवून ते माझ्यासमोर धरलं.

“वाचा,” ती म्हणाली.

“मला माहीत आहे काय लिहिलंय ते.”

“मंग गप बसा की.”

गोपिका माझी बायको. नऊ वर्षांपासून तिला साखर आहे. वीस दिवसांपूर्वी मोरीच्या उंबऱ्याला तिच्या डाव्या पायाची करंगळी ठेचाळली आणि नख उचकटलं. मी त्याच दिवशी म्हणालो होतो, डॉक्टरला दाखवू. पण मी म्हणतो म्हणजे काय, तोंडातल्या तोंडात म्हणतो, आणि पुढच्याने “आँ?” केलं की “काही नाही” म्हणून मोकळा होतो. चाळीस वर्षं हेच चाललं आहे.

पहिल्या दिवशी तिने हळद लावली. दुसऱ्या दिवशी हळद आणि तेल. मग भेटायला येणारे सुरू झाले. आमच्या राजूरला आजाऱ्याला भेटायला येताना लोक फळं आणत नाहीत, उपाय आणतात. एकीने दगडी पाल्याचा रस सांगितला, दुसरीने तुरटीचं पाणी. घरात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, तो गोपिकाचा दवाखाना. त्यात बामच्या रिकाम्या डब्या, ओव्याचा अर्क, आमच्या वंदनाच्या लहानपणापासून उगाळून एका बाजूने झिजलेलं जायफळ, आणि कुणीतरी हैदराबादहून आणलेली लाल अर्काची बाटली. ही बाटली पोटदुखीपासून विंचवापर्यंत सगळ्यावर चालते म्हणतात. तिचेही चार थेंब करंगळीवर पडले. करंगळी काही ऐकेना.

शेवटी शेजारच्या नंदाबाई गणपतीच्या मंदिराच्या रस्त्यावरून एक डबी घेऊन आल्या. झाकणावर लाल अक्षरांत ‘अकरा दिवसी मलम’, आणि खाली बारीक अक्षरांत: ‘आधार – उंबऱ्याआतली औषधं, पान ६४’.

ते पुस्तक माझं. माझ्या नावावरचं एकुलतं एक.

मी शाळेत कारकून होतो. पुस्तकांची दोन कपाटं माझ्या ताब्यात होती, तेवढ्यावरून गाव मला सर म्हणतं. कधी एक तास शिकवला नाही, पण कुणी सर म्हटलं की मागे वळून बघतो. याची मला अजून लाज वाटते. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला माझ्या मनात आलं, की म्हाताऱ्या बायका एकेक करून चालल्या, त्यांची औषधं कुणीतरी लिहून ठेवावीत. कुणीतरी म्हणजे कुणी, हे मी दोन वर्षं ठरवत होतो. मग दर रविवारी सायकलच्या मागे गोपिकाला बसवून आसपासच्या गावांतून हिंडलो. पुस्तकात प्रत्येक उपायाखाली सांगणारणीचं नाव आणि गाव छापायचं, हा माझा एकच आग्रह होता. ज्याचं श्रेय त्याच्या पदरात.

जालन्याला बद्रीनाथ नावाच्या गृहस्थाचा छापखाना होता. सोळा पानांचा एक फॉर्म, असे चार फॉर्म, चौसष्ट पानं. मी शेवटची प्रुफं तपासत होतो तेव्हा तो आतून ओरडला, “सर, शेवटचं पान अर्धं उघडं पडून राह्यलं. कायतरी द्या जल्दी. मशीन थांबवलीय तुमच्यासाठी.”

“माझ्याकडचं सगळं संपलं,” मी म्हणालो.

“मंग फूल टाकू का? कमळाचा ब्लॉक हाय आपल्याकडं. बिलकुल भारी दिसंल.”

औषधाच्या पुस्तकाच्या शेवटी कमळ मला बरं वाटेना. लग्नपत्रिकेसारखं दिसेल असं वाटलं. मी कागदाच्या गठ्ठ्यावर बसलो आणि दहा मिनिटांत एक उपाय लिहिला: ‘न भरणारी जखम – जुना गूळ, एरंडेल व चाळलेली राख यांचा लेप द्यावा. वर सुती पट्टी बांधावी. अकरा दिवस सोडू नये.’ अकरा का, तर सात फार नेहमीचं वाटलं आणि एकवीस फार झालं असतं. खाली नाव हवं होतं. लिहिलं: ‘एक वृद्ध जाणकार, राजूर’. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होतो.

पुस्तक निघालं. शाळेच्या बक्षिसांत वाटलं गेलं, उरलेलं पलंगाखाली गेलं, आणि मी ते पान विसरलो. खोटं कशाला बोलू, विसरलो नाही. पण हे पुस्तक वाचतंय कोण, असं मला वाटत होतं. स्वतःला कमी समजण्याचा हा तोटा मला ठाऊक नव्हता.

गेल्या चार-पाच वर्षांत ते पान मोबाईलवर फिरू लागलं, वर गणपतीचा फोटो लावून. मग मंदिराच्या रस्त्यावर बसणारा कारभारी नावाचा एक विक्रेता मलम करून विकू लागला. मग नंदाबाईंनी सांगितलं, की तो वृद्ध जाणकार म्हणजे त्यांचे सासरे. कारभारी म्हणतो, त्याचा आजा. दोन्ही घरं त्यावरून एकमेकांशी नीट बोलत नाहीत. मी दोघांचंही ऐकून मान हलवतो.

आणि आता ती पट्टी माझ्या घरात, माझ्याच बायकोच्या पायाला होती.

त्या सकाळी मी पट्टीच्या वरचा पाय पाहिला. घोटा दिसत नव्हता, इतकी सूज. कातडी ताणून चकाकत होती, आणि एक लाल पट्टा वर चढला होता. अंग कोमट लागत होतं. खोलीत वास होता. नंदाबाई म्हणाल्या, तो एरंडेलाचा. एरंडेलाचा वास मला कळतो. साखरेच्या रुग्णाच्या पायाला काय होतं, कुठवर पाय जातो, कधीकधी माणूसही, हे मी अख्खंच्या अख्खं वाचलं आहे. वाचण्यात मी कधी कमी पडलो नाही.

वंदनाचा फोन आला. ती पुण्याला असते.

“बाबा, आईला आत्ताच्या आत्ता जालन्याला न्या.”

“ती ऐकत नाही.”

“तुम्ही रागवा ना जरा!”

“बघतो,” मी म्हणालो. हे ‘बघतो’ ऐकून तिने फोन ठेवला, आणि मला तिचा राग आला नाही.

मला वाटलं, आधी मुळावरच घाव घालू. कारभारीने सगळ्यांसमोर सांगितलं की मलम चुकीचं आहे, तर गोपिका ऐकेल. त्या दिवशी चतुर्थी होती. मंदिराच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. कारभारी टेबल मांडून, छोटा माईक हातात धरून बोलत होता. टेबलावर माझं पान चौसष्ट प्लॅस्टिकमध्ये मढवून उभं केलेलं.

“आरं, या या या!” त्याने मला लांबूनच पाहिलं. “मंडळी, ज्यांनी पुस्तक लिवलं ते सर सोता आले! चतुर्थीच्या दिशी! ह्याला म्हणतेत योग!”

“कारभारी, जरा बाजूला या. बोलायचंय.”

“बाजूला कशाला, सर? ह्याच्यात बोला.” त्याने माईक माझ्या तोंडाजवळ धरला.

पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती. तरी बोललो. आयुष्यात पहिल्यांदा माईकवर बोललो. “या उपायाची… कुणी परीक्षा केलेली नाही.”

कारभारीने माईक परत घेतला. “ऐकलं का मंडळी? परीक्षा करायची गरजच पडली न्हाई, म्हणून राह्यले सर!”

“तसं नाही. मला म्हणायचंय, त्याला काही पुरावा नाही.”

“पुरावा कशाला पायजे? लिवणारा उभा हाय तुमच्या म्होरं!”

लोक हसले. पुढच्या बाईने दोन डब्या मागितल्या. तिच्या मागच्या माणसाने मला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, ढोरांच्या खुरालाही चालतं का. मी नाही म्हणालो. ते गर्दीत कुणाला ऐकू गेलं नाही. निघताना कारभारीने दोन डब्या माझ्या सदऱ्याच्या खिशात कोंबल्या. “काकूला द्या. सरांकडून आपण काय घेनार?” मी त्या परत देऊ शकलो नाही. घरापर्यंत त्या खिशात एकमेकींवर वाजत होत्या, आणि मी स्वतःला जे काही म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरी नंदाबाई गोपिकाच्या पायथ्याशी बसल्या होत्या. मी चप्पलसुद्धा काढली नाही. दारातूनच म्हणालो, “तो उपाय खोटा आहे. मी मनाने लिहिलाय.”

दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

“चक्कर आली का तुमाला उनाची?” नंदाबाई म्हणाल्या. “गोपिकाबाई, लिंबाचं सरबत द्या ह्यांना.”

“मी खरं सांगतोय.”

“सर, रागावू नका, पर आमच्या सासऱ्यानं कितीजणांचे पाय बरे केले ते गाव सांगंल.”

“तुमच्या सासऱ्यांचा काही संबंध नाही! त्यांना मी कधी काही विचारलंही नाही!”

माझा आवाज एवढा चढेल याची मलाही कल्पना नव्हती. नंदाबाईंनी पदर सावरला आणि तोंड फिरवलं. गोपिका मात्र हसली.

“तुमी आन् खोटं लिवताल? पोष्टकार्ड लिवायचं तर तीनदा कच्चं करता. पाव्हण्याला ‘या’ लिवू का ‘यावे’ लिवू, म्हणून दुपार घालवता. मला दवाखान्यात न्यायचंय म्हणून सांगून राह्यले हे, दुसरं काय.”

आता काय करावं? जन्मभर एकेका शब्दाला घाबरत जगलो, त्याचं हे फळ. मी खोटं लिहू शकतो यावर कुणी विश्वासच ठेवत नव्हतं. क्षणभर मलाच शंका आली. खरंच मनाने लिहिलं होतं, की कुणाकडून ऐकलं होतं? इतकी वर्षं झाली. एखाद्या वेळी गूळ आणि राख कुणी बोललंही असेल. मी आहेच असा, की मला माझा गुन्हासुद्धा नक्की वाटत नाही.

म्हणून कपाट उघडलं आणि त्या वेळच्या वह्या काढल्या. सात वह्या. प्रत्येक उपायासमोर नाव, गाव, वार. सगळ्या चाळल्या. गूळ-राखेचा लेप कुठेच नव्हता. मी वह्या घेऊन गोपिकाजवळ बसलो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हे उपाय मी गोळा केले असं पुस्तकावर आहे, पण ते खरं नाही. परक्या पुरुषापुढे बायका बोलत नसत. बाळंतपणाचं, अंगावरचं, मुलाच्या पोटाचं मला कोण सांगणार? मी बाहेर ओट्यावर वही घेऊन बसायचो. गोपिका आत चुलीपाशी जायची, त्यांच्यासोबत शेंगा सोलायची, तासाभराने बाहेर येऊन मला सांगायची, आणि मी लिहायचो. प्रत्येक बाई तिच्या ओळखीची, प्रत्येक घर तिने आतून पाहिलेलं.

“ओव्याच्या धुरीचा उपाय कुणी सांगितला?” मी विचारलं.

“शिवकन्या. तिची म्हैस व्यायली व्हती त्या दिशी. खर्वस खाल्ल्ता आपण.”

“मुरडशेंगेचा?”

“बेबीनंदाच्या सासूनं. बहिरी व्हती. मला वरडून वरडून घसा बसल्ता.”

“आणि हा, पान चौसष्टचा?”

“तो मला कुणी न्हाई सांगितला.”

“मग?”

“तो तुमी आणल्ता.” तिने पुस्तक उघडलं, पण ते वाचत नव्हती. “सगळं पुस्तक मी इचारून आणलं. तेवढा एकच तुमी सोता जाऊन, सोताच्या तोंडानं कुणाला तरी इचारून आणल्ता. मला घरी काई बोलले बी न्हाईत. छापून आलं तवा वाचलं मी. लई बरं वाटल्तं. म्हणलं, शिकला माझा नवरा बोलायला.”

यानंतर खरं सांगणं फार जड होतं. पण लाल पट्टा माझ्या डोळ्यांसमोर होता.

“मी कुणाला विचारलं नव्हतं, गोपिका. छापखान्यात कागदाच्या गठ्ठ्यावर बसलो आणि लिहिलं. अर्धं पान रिकामं राहत होतं. बद्रीनाथ म्हणाला फूल टाकू, मला ते आवडलं नाही.”

“आन् अकरा दिवस?”

“ऐकायला बरं वाटलं म्हणून.”

“आन् तो वृद्ध जाणकार?”

“मीच.”

गोपिकाने पाय जवळ ओढला, गाठ सोडली आणि पट्टी उलगडायला लागली. शेवटचा वेढा चिकटला होता, तो तिने पाण्याने भिजवून सोडवला. करंगळी काळी पडली होती. वास सगळ्या खोलीभर झाला. नंदाबाईंनी नाकाला पदर लावला.

“टाकायचं की फूल,” गोपिका म्हणाली. मग एकदम आवाज चढला. “मला इचारायचं तरी! दहा उपाय व्हते माझ्याकडं, तुमच्या वहीत न बसलेले. अर्ध्या पानासाठी! बघता काय? काळीपिवळी बोलवा.”

काळीपिवळी मिळाली, पण चतुर्थीच्या गर्दीत अडकली. नेमकी कारभारीच्या टेबलासमोर. माईक चालूच होता. “आज सकाळी सर सोता इथं येऊन सांगून गेले मंडळी, परीक्षेची गरज न्हाई…”

गोपिका माझ्याकडे वळली. “तुमी असं बोलले?”

“नाही. म्हणजे बोललो, पण…” मी सीटमध्ये जितकं खाली सरकता येईल तितकं सरकलो.

तिने काच खाली केली. चोळामोळा केलेलं लुगड्याचं एक फडकं तेवढं पायाला होतं, तेही काढलं, आणि पाय उचलून खिडकीत ठेवला.

“ओ कारभारी! हिकडं बघा! ते पान माझ्या नवऱ्यानं मनानं लिवलंय. जागा भरायला. हे बघा तुमचं मलम!”

रस्त्यावरचे लोक वळले. कारभारीने आधी पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माईक अजून तोंडाशीच होता, त्यामुळे तो “काकू, आवो…” म्हणाला ते मंदिरापर्यंत गेलं. दोन डब्या घेतलेली एक बाई टेबलाकडे परत फिरली. मला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. पण गाडीतून उतरून पळणंही शक्य नव्हतं. दार गर्दीने दाबलं होतं. म्हणून मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि म्हणालो, “ती खरं बोलतेय.” बऱ्यापैकी मोठ्याने म्हणालो. खिशातल्या दोन डब्या त्याच्या टेबलावर ठेवल्या. ठेवल्या कसल्या, एक घरंगळून खाली पडली.

जालन्याला डॉक्टर आमच्या वंदनाच्या वयाचे. त्यांनी पाय पाहिला आणि आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. “शिकलेली माणसं दिसता. अजून दोन दिवस थांबला असतात तर पाऊल काढावं लागलं असतं.” पट्टी कुणाच्या सल्ल्याने बांधली होती, ते त्यांनी विचारलं. गोपिका माझ्याकडे बोट दाखवेल असं वाटलं. ती म्हणाली, “वाचलं व्हतं कुठंतरी.” डॉक्टर म्हणाले, “काहीही छापतात लोक.” मी हो म्हणालो.

करंगळी गेली. पाय राहिला.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी मी वॉर्डात तिच्याजवळ बसलो होतो. पलीकडच्या खाटेवरच्या बाईला ती लहान मुलाच्या उचकीचा उपाय सांगत होती, आणि ती बाई तो मन लावून ऐकत होती. मी डोक्याला हात लावला. ते पाहून गोपिका म्हणाली, “उचकीचा हाय. उचकीनं पाय न्हाई जात.”

मग मी खिशातून कागद काढला. पलंगाखाली अजून चाळीस प्रती होत्या. त्यांच्या पान चौसष्टवर चिकटवायला, आणि मोबाईलवर पाठवायला, मला एक मजकूर हवा होता. दोन दिवस मी लिहीत आणि खोडत होतो.

“काय लिवलं?” तिने विचारलं.

मी वाचून दाखवलं. त्यात ‘तथापि’ दोनदा होतं.

“फाडा ते,” ती म्हणाली. “मी सांगते, लिवा. साखर असलेल्या माणसाच्या पायाला लागलं तर घरी कायबी लावत बसू नये. त्याच दिशी डॉक्टरला दाखवावं. झालं.”

लिहिलं. खाली नाव घातलं: गोपिकाबाई, राजूर. तिने ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. सगळ्या पुस्तकात तिचं नाव याआधी कुठेच नव्हतं, हे मला लिहिताना कळलं. तिला ते आधीपासून माहीत असावं.

“पण एवढ्याने अर्धं पान भरत नाही,” मी म्हणालो. “जागा उरते.”

“मंग उरू द्या की,” ती म्हणाली.